कळंबला ट्रक थांबला होता

उमरखेडला आमची शेवटची सभा झाली तेव्हा सत्तावन्न सालचा मार्च संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारस्टँडवर आम्ही अकरा जण एकमेकांच्या गळ्यात पडत होतो. कुणाला आईच्या हातचं खायचं होतं, कुणाला नुसतं दोन दिवस झोपायचं होतं. सगळ्यांच्या तोंडी घर होतं. मी मात्र सुटणाऱ्या मोटारींच्या पाट्या वाचत होतो. घरी जाऊन करायचं काय?

माझं नाव डोमाजी. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक झालेला. वडील यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात कामाला होते. आदल्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्या बातमीनंतर आमच्या वस्तीत आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. मग आम्ही काही पोरांनी ठरवलं, की ज्यांना नागपूरला जाता आलं नाही, त्यांच्या गावापर्यंत आपण जायचं. राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, दिग्रस, पुसद असं करत साडेतीन महिन्यांत शंभरावर गावं झाली. सकाळी चालायचं, दुपारी गाव गाठायचं, दिवेलागणीला निंबाखाली सभा. त्रिशरण-पंचशील म्हणायला शिकवायचं, मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगायचं. काही गावांत लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. काही गावांत आम्ही गेल्यावर पाटलानं आमच्या लोकांना विहीर बंद केली, आणि मग दोन दिवस थांबून त्यांच्यासोबत नदीवरून पाणी आणलं.

मी मोठं काम करत होतो असं मला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला चटक लागली होती ती रोज नव्या गावाची. एका गावात दुसरा दिवस उजाडला की माझ्या पायांत मुंग्या यायच्या.

आमच्यात सभा जिंकायचा तो उकंडा. कळंबपासून तीन कोसांवरच्या गावचा. आधीची पोरं दगावली म्हणून आईनं त्याचं असं, उकिरड्याचं नाव ठेवलेलं. चौथी शिकलेला, बोलायला संथ, पण सिद्धार्थाची गोष्ट सांगायला लागला की कडेवरची पोरंही रडायची थांबत. लोकांना वाटायचं, सिद्धार्थ रातोरात बायको-पोर टाकून पळाला. उकंडा हात वर करून म्हणायचा, "नाई! तो पळाला नाई. मायबापाले सांगून गेला. यशोधरेले इचारलं त्यानं. तिनं हाव म्हनलं, तवा गेला." इथं बाया हमखास पदर डोळ्याला लावत.

तिसरा बाबाराव. यवतमाळात शिंपीकाम करायचा. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, तोंडाचा फटकळ. आम्हा सगळ्यांना त्यानं तंबूच्या जुन्या कापडाचे पिट्टू शिवून दिले होते, पलटणीतल्या शिपायांसारखे, पाठीवर अडकवायचे.

उमरखेडहून यवतमाळला येणाऱ्या मोटारीत मी विषय काढला.

"आपन पुढं जाऊ," मी म्हणालो.

"पुढं म्हंजे? दारव्ह्याले?" बाबाराव.

"बुद्धगयेले. मंग सारनाथ. मंग लुंबिनी, नेपाळात."

बाबाराव हसला आणि हसता हसता तयार झाला. घरी त्याची वाट बघणारं शिलाईच्या यंत्राशिवाय कुणी नव्हतं. उकंडा खिडकीबाहेर बघत होता.

"मी घरी जातो," तो म्हणाला. "पोरगी रांगाले लागली असन."

त्याची विशाखा आम्ही निघालो तेव्हा दीड महिन्यांची होती. पण मला तिघं हवे होते. दोघांत वाट लांब वाटते. मग मी त्याला जिथं दुखत होतं तिथं बोट लावलं. घाटंजीकडच्या एका गावात सभा संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत पुढं आली होती. तिनं उकंडाला विचारलं होतं, "बाप्पा, तू पाह्यलं का ते झाड?" उकंडा म्हणाला, "नाई माय." म्हातारी काठी टेकत परत गेली. त्या दिवसापासून बोधिवृक्षापाशी आलं की त्याचा आवाज जरा खाली यायचा.

"त्या बुढीले काय सांगशीन?" मी म्हणालो. "पुढच्या साली पुन्हा सभा करशीन. पुन्हा कोनी इचारीन."

दिग्रसला मोटार थांबली तेव्हा त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "येतो. पर पयले घरी जाऊन सांगतो."

यवतमाळला आम्ही बाबारावच्या दुकानातच मुक्काम केला. माझं घर तिथून अर्ध्या मैलावर होतं. मी गेलो नाही. वडिलांनी माझ्यासाठी तहसिलीत कुणाकडं तरी शब्द टाकून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. सकाळी कापसाच्या गाठी घेऊन नागपूरला निघालेला एक ट्रक मिळाला. चालक वाहिद बाबारावचा गिऱ्हाईक. गाठींवर चढून बसलो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ट्रक कळंबला चहासाठी थांबला. उकंडा उतरला तो पिट्टू घेऊनच.

"मी गावात जाऊन येतो."

"तीन कोस जायाचं, तीन कोस याचं," मी म्हणालो. "वाहिदभाई थांबन का?"

वाहिद बशीत चहा ओतत होता. तो म्हणाला, "मैं तो नहीं रुकता भाई. पर उद्या सकाळी गफ्फारचा ट्रक येते. माझं नाव सांगा, बसवून घेईन तो. जाऊन या ना आरामसे."

म्हणजे मार्ग होता. एका दिवसाचा प्रश्न होता. बाबारावही म्हणाला, "राहू बे आज, काय फरक पडते?"

पण मला ठाऊक होतं, घरी गेला की हा परत येणार नाही. त्याची आई रुखमाबाई त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. आणि मला तर तो एक दिवसही कळंबात बसून काढवत नव्हता. मी त्याचा पिट्टू धरला.

"एकदा घरी गेला का गेला तू. वीस दिवसाची तं गोष्ट हाये, उकंडा. निरोप धाड."

त्याच्या गावची सोनीबाई भाजीची पाटी घेऊन बाजाराला आली होती. उकंडा तिच्यापाशी गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की सोनीबाई मान हलवत होती आणि हा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मग तो आला आणि गाठींवर चढला.

पुढचं सगळं मला धावत्या डब्याच्या दारातून पाहिल्यासारखं आठवतं. नागपूरहून तिसऱ्या वर्गात उभ्यानं केलेला प्रवास. गया स्टेशनात भिजवून खाल्लेलं सत्तूचं पीठ, ज्याला बाबाराव अखेरपर्यंत शिव्या देत राहिला. गयेपासून पायी निघालो, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते झाड दिसलं. उकंडा त्याच्या सावलीपर्यंत गेला, पिट्टू काढला, चपला काढल्या आणि बसला. हात लावायलाही पुढं गेला नाही. नुसता बसला. तिबेटातले, सिंहलातले, कुठले कुठले लोक येत होते, डोकं टेकवून जात होते. त्याला कुणी उठ म्हणालं नाही. कुठला म्हणून विचारलं नाही.

मी झाडाला प्रदक्षिणा घातली, देऊळ पाहिलं, तळं पाहिलं, निरंजना नदीच्या वाळूत जाऊन आलो. परत आलो तरी हा बसलेलाच.

"चालतो का?" मी म्हणालो.

"आता तं आलो बे आपन," तो म्हणाला.

तिथं आम्ही दोन दिवस राहिलो. मला ते दोन महिन्यांसारखे वाटले. सारनाथला जाताना काशीत उकंडानं पोरीसाठी लाकडाचा एक रंगीत पोपट घेतला. रोज सकाळी तो निघाल्यापासूनचे दिवस मोजायचा. "बारा झाले," म्हणायचा. "तेरा झाले." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

चौदाव्या दिवशी आम्ही नौतनवाला उतरलो. तिथं रेल्वे संपते, पुढं पायी नेपाळ. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत ओसरीवर एक म्हातारा भिक्षू पडलेला होता. ब्रह्मदेशातला. लुंबिनीचं दर्शन करून एकटाच परत निघाला होता आणि तापानं आडवा झाला होता. रंगूनचं जहाज धरायला त्याला कलकत्त्याला पोचायचं होतं. त्याची मोडकी हिंदी धर्मशाळेच्या रखवालदारालाही नीट कळत नव्हती. उकंडानं त्याला पाणी पाजलं. म्हाताऱ्यानं अर्धं पाणी पिऊन भांडं उकंडाच्याच ओठांना लावलं, तू पी म्हणून.

हे मी पाहत होतो. आमच्या हातचं पाणी कुणी प्यायलं तर ती आमच्याकडं बातमी होती. इथं एका परक्या माणसानं आपलं उष्टं भांडं त्याच्या तोंडाला लावलं आणि तो ते प्यायला. नंतर बराच वेळ उकंडा भांडं हातात धरूनच बसला होता.

दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उकंडा त्याचे पाय दाबायचा, पेज करून भरवायचा. मी स्टेशन ते धर्मशाळा अशा फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भडकलो.

"लुंबिनी इथून सात कोसावर हाये आन आपन इथं बसून राह्यलो!"

"चार दिवस थांबनं डोमा. बरे होतीन मंग जाऊ."

"नाई झाले तं?"

"नाई झाले तं सोडून कसं जायाचं?"

"मंग तू थांब. आमी जातो. आठ दिवसात येतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "आठ दिवस," तो म्हणाला. "नक्की ये. मले घरी जायाचं हाये."

बाबारावला मागं राहायचं होतं, पण मला एकट्याला परमुलखात सोडायला तो धजला नाही. आम्ही निघालो. लुंबिनीला सपाट माळ, एक दगडी खांब, एक तळं आणि आंब्याची चार झाडं होती. ज्या जागेचं नाव मी शंभर सभांत घेतलं होतं, तिथं मी उभा होतो आणि माझं लक्ष उत्तरेकडच्या निळ्या डोंगरांवर होतं. पोचलो त्याच संध्याकाळी मी बाबारावला म्हणालो, "त्या डोंगरापावतर जाऊन येऊ."

बुटवलपर्यंत गेलो. तिथून चढ लागला. वाटेत खेचरांचे तांडे, मिठाची पोती, पाठीवर टोपल्या घेतलेली माणसं. तानसेनला पोचलो आणि सकाळी धुकं फाटलं, तर समोर बर्फाचे डोंगर. एवढं पांढरं मी कापसाच्या मोसमातही पाहिलं नव्हतं. मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की त्याच्या पलीकडं काय असेल?

बाबाराव एका दगडावर बसला. त्याच्या टाचा फुटून रक्त येत होतं.

"डोमा, तू कोनाच्या मागं लागला बे?"

"कोनाच्याच नाई."

"मंग तुह्या मागं कोन लागलं?"

मी पिट्टूचे पट्टे आवळत राहिलो. तो म्हणाला, "मी याच्या पुढं एक पाऊल टाकत नाई. तिकडं उकंडा वाट पाहून राह्यला. तुले शरम नाई?" आणि तो लंगडत उलटा उतरायला लागला. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. मग त्याच्या मागं गेलो.

नौतनवाला परत आलो तेव्हा तिथून निघून एकोणीस दिवस झाले होते. ओसरी झाडून स्वच्छ केलेली होती. रखवालदारानं आतून उकंडाचा पिट्टू आणून दिला. म्हणाला, तुमचा माणूस तीन दिवसांमागं गेला. बुढा उठून बसायला लागला होता, पण एकटा गाडीत चढू शकत नव्हता. तुमची वाट बघून बघून शेवटी त्याला पाठीवर घेऊनच तो स्टेशनात गेला. पाठ रिकामी पाहिजे म्हणून हे इथं ठेवलं.

पिट्टूत धोतर होतं, काशीचा पोपट होता आणि एक चिठ्ठी. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली: "डोमा, आठ दिवस म्हनला होता. सोळा झाले. भंतेले एकटं सोडता येत नाही. कलकत्त्याले पोचवून देतो. तू घरी जाऊन सांग. कौसल्येले सांग का" — आणि बायकोसाठीची पुढची ओळ त्यानं खोडून टाकली होती.

मे महिन्याच्या उन्हात मी त्याच्या गावात शिरलो. बाबाराव येतो म्हणाला होता, मीच नको म्हणालो. रुखमाबाई दारात होत्या. माझ्या हातात दोन पिट्टू पाहून त्यांनी कपाळच बडवून घ्यायला सुरुवात केली. जिवंत आहे, जिवंत आहे असं मी चार वेळा म्हणालो तेव्हा त्या खाली बसल्या आणि मग माझ्यावर तुटून पडल्या. "माह्या लेकाले कुठी टाकून आला रे? सात लेकरं गेली आन हे एक राह्यलं होतं!"

कौसल्या सुपात डाळ पाखडत होती. उकंडाची बायको, विशी-बाविशीची. पोर तिच्या पाठीशी लुगड्याला धरून उभं राहायला बघत होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"सोनीबाईनं निरोप देला होता," ती म्हणाली. "वीस दिवस म्हनले होते. कळंबपावतर आले होते म्हने?"

"हाव वहिनी."

"मंग घरी काहून नाई आले?"

मी काहीही सांगू शकलो असतो. ट्रक थांबला नाही असं सांगू शकलो असतो. पण त्या घरात त्या वेळी मला खोटं सुचलं नाही.

"ते येत होते. म्या येऊ नाई देलं."

तिनं पदरानं हात पुसले. पोराला उचलून मांडीवर घेतलं. मग हळू आवाजात बोलायला लागली, आणि त्या हळू आवाजाची मला रुखमाबाईंच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"तुमी गावोगाव सांगत फिरले नं, यशोधरेले इचारलं म्हून? माह्यासमोर सांगतलं होतं त्याईनं. अठीच, या निंबाखाली, तुमी सारे निघाले त्याच्या आदल्या दिवशी. म्या आयकलं आन मले वाटलं, बरं झालं बाप्पा, आता बायकाईले कोनी तं इचारीन."

मी उठलो. अंगात काहीतरी उसळलं. "मी उद्याच कलकत्त्याले जातो वहिनी. हुडकून आनतो त्याले. उद्याच निघतो."

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो.

"तुमाले जायाले नुसता बहाना पाह्यजे, भाऊजी." तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. मीही पाहिलं. बसल्या जागी माझा उजवा पाय हलत होता. "तुमी कुठी जायाचं नाई. ते घरी येईपावतर यवतमाळ ते कळंब, बस. त्याच्या पुढं एक कोस नाई. त्याईले तुमी माह्यापासून नेलं, तं तुमीबी बसून पाहा, कसं वाटते ते."

तिचा माझ्यावर काही जोर नव्हता. मी मान हलवून निघून गेलो असतो तर तिला कळलंही नसतं. पण मी "हाव" म्हणालो. का म्हणालो ते मला आज नीट सांगता येत नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी चटक ओळखून मला थांबायला सांगितलं, म्हणून.

ऑगस्टात पत्र आलं. कलकत्त्याच्या एका विहारातून, कौसल्येच्या नावानं. तिनं मला बोलावणं धाडलं. मी वाचून दाखवलं. म्हातारा पुन्हा अंथरुणाला खिळला होता. जहाज निघून गेलं. डॉक्टर म्हणतो हा आता समुद्रावरचा प्रवास करू शकत नाही. विहारात माणसं होती, पण रात्रंदिवस करणारं कुणी नव्हतं. आणि मग लिहिलं होतं: "म्या तुले न विचारता आलो ही माझी चूक आहे. आता विचारतो. भंते आहेत तोपर्यंत राहू का? तू नाही म्हनशीन तर पत्र भेटल्या दिवशी निघीन."

रुखमाबाई लगेच म्हणाल्या, "ये म्हनाव!" कौसल्येनं पत्राची घडी करून कमरेला खोचली. आठ दिवस तिनं काही सांगितलं नाही. ते आठ दिवस मी शाळेतल्या पोरांवर नुसता खेकसत होतो. तोवर मला कळंबच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळाली होती. ती "ये" म्हणाली तर मीही सुटणार होतो.

आठव्या दिवशी तिनं मला कागद काढायला सांगितला.

"लिहा. राहा म्हना. पडल्या मानसाले टाकून आले तं मले ते आवडनार नाई. पर म्हना, मी अठी बसून वाट नाई पाहनार. दिवाळीनंतर यवतमाळले जिनात काम करीन. पोरगीले तठी शाळा हाये. आले तं तठी या."

मी लिहिलं. लेखणी दोनदा थांबली. तिनं विचारलं, "जसं म्हनलं तसंच लिहिलं नं?" मी म्हणालो, "तसंच." आणि ते खरं होतं.

त्यानंतरची अडीच वर्षं माझी कशी गेली ते सांगायला फार काही नाही, आणि तेच त्यातलं वाईट होतं. माझ्या वडिलांनी कौसल्येला जिनात लावून दिलं. तिनं वस्तीत खोली घेतली; रुखमाबाई गावीच राहिल्या. कापसाची धूळ छातीत जाऊन तिला पहिल्या हिवाळ्यात खोकला जडला, पण ती गावी परत गेली नाही. दर डिसेंबरात आमची मंडळी पुन्हा गावोगाव निघायची, वणीकडं, दारव्ह्याकडं. मी मोटारस्टँडवर त्यांना पोचवायला जायचो. मोटार सुटली की तिच्या मागं धावावं असं वाटायचं. शाळा सुटल्यावर मी चक्रावती नदीच्या काठानं अंधार पडेपर्यंत चालायचो आणि त्याच वाटेनं परत यायचो. रविवारी यवतमाळ, सोमवारी कळंब. गाडीवान मला ओळखून हसायचे. बाबाराव म्हणायचा, "घान्याचा बैल झाला बे तुहा." एकदा वाहिद भेटला. म्हणाला, हैदराबादला चाललो, चलतो काय मास्तर? मी पायरीवर पाय ठेवला होता. मग काढून घेतला.

उकंडाची पत्रं महिन्या-दोन महिन्यांनी येत. मी ती कौसल्येला वाचून दाखवायचो. गंगेचं पाणी, धक्क्याला लागलेली जहाजं, त्यांचे भोंगे. तो ती रोज पाहायचा आणि एकातही चढला नव्हता. मला त्याचा हेवा वाटायचा. दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या साक्षरतेच्या वर्गात कौसल्या वाचायला शिकली. मग ती स्वतःच पत्र वाचायची, घडी करून ठेवायची, आणि त्यात काय होतं ते मला कळेनासं झालं.

साठ सालच्या मार्चमध्ये, दुपारच्या सुट्टीत, मी वर्गात वह्या तपासत बसलो होतो. दारात कुणी उभं राहिलं. वाळलेला, केस बारीक कापलेला, खांद्याला कापडी पिशवी.

"जय भीम, डोमा," उकंडा म्हणाला.

भंते फेब्रुवारीत गेले होते. शेवटी शेवटी ते त्याला ब्रह्मी भाषेत हाक मारायचे, त्यांच्या धाकट्या भावाच्या नावानं. उकंडानं एवढंच सांगितलं. मी शाळेला कुलूप लावलं आणि आम्ही मोटारीनं यवतमाळला गेलो. वाटेत मला त्याच्याशी किती बोलायचं होतं. कळंबच्या त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. मी तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "राहू दे. मीबी तं चढलोच होतो गाठीवर. तू काही बांधून नेलं नव्हतं."

कौसल्या कामावर होती. खोलीच्या पायरीवर विशाखा गजगे खेळत बसली होती. साडेतीन वर्षांची. उकंडा तिच्यासमोर उभा राहिला.

"कोन पाह्यजे?" तिनं विचारलं.

"माहं नाव उकंडा," तो कसाबसा म्हणाला.

"माह्या बाबाचंबी नाव उकंडाच हाये," पोर म्हणाली. "ते कलकत्त्याले रायते." आणि पुन्हा खेळायला लागली.

तो तिथंच मातीत बसला. पोर त्याला गजगे दाखवत होती, कुठला कसा झेलायचा ते, आणि तो मान हलवत होता.

जिनाचा भोंगा झाला. बाया आल्या. कौसल्येच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले होते. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. मग होती त्याच चालीनं आली. त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दाराचं कुलूप काढलं.

उकंडा उठून उभा राहिला. "येऊ का आतमंदी?" त्यानं विचारलं.

तिनं दार ढकललं. आत गेली, घागरीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं. पोर एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती.

"या," कौसल्या म्हणाली. "चपला काढून या, सारवलं हाये."

मी बाहेरच उभा होतो. निघावं की थांबावं, ते कळत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली, चहा मांडला म्हणून. मी आत जाऊन बसलो. उकंडाला मी विचारलं, जहाज जवळून कसं असते? तो म्हणाला, "मोठं असते," आणि पोरीच्या हातातला गजगा उचलायला वाकला. त्याला याहून जास्त काही सांगायचं नव्हतं.

कौसल्येनं माझ्या हातात कप दिला. "भाऊजी, तुमी आता मोकळे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, माया पण नव्हती. ठरलेलं काम संपलं, एवढंच होतं.

मी तेव्हा कुठं गेलो नाही. परीक्षा तोंडावर होत्या. मे महिन्यात सुट्टी लागली आणि मी आठवडाभर घरात येरझारा घातल्या. शेवटी आई म्हणाली, "जायाचं तं जाय ना बाप्पा, सारवन उकरून टाकलं पायानं!" मी गेलो. बाबारावनं कानाला हात लावले, म्हणून एकटाच गेलो. पुरीला समुद्रापाशी पोचलो. पुढं चालायला वाट नव्हती, म्हणून वाळूत बसलो. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी मला घरची आठवण आली, आणि ती अशी आली, की स्टेशनात परतीच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहण्याचाही धीर धरवेना.